डोंबिवलीचा गाळा, दापोलीचे घर आणि सहा मशीन

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही आणि तुमचे यजमान डोंबिवलीत भाड्याच्या गाळ्यात सहा मशीनवर लहान मुलांचे सुती कपडे, म्हणजे झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलींचे फ्रॉक शिवून घेता. दादर आणि ठाण्याच्या सात-आठ दुकानांना माल देता, थोडा व्हॉट्सॲपवरून थेट गिऱ्हाइकांना विकता. आता दापोली तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे राहायला जावे, दोन एकरांत काजू, आंबा, भाजीपाला करावा, जमल्यास एखादी गाय बांधावी आणि शिलाईचा धंदाही तिथूनच चालवावा, असा तुमचा विचार आहे. येत्या मे महिन्यात मुलाची परीक्षा झाली की सहाही मशीन घेऊन निघावे का आणि तिथे धंदा चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

आम्ही २०१४ च्या मे महिन्यात नेमके हेच केले होते. ठाण्यातल्या गाळ्यात आमचे परकर आणि गाऊन शिवण्याचे काम होते. दहा मशीन, एक कटिंगचे टेबल आणि सासूबाईंसह सगळे घर एका ट्रकमध्ये भरून आम्ही तुमच्याच तालुक्यातल्या एका वाडीत आलो. धंदा आजही चालू आहे आणि घर त्याच्यावरच चालते, म्हणून 'चालेल का' याचे उत्तर मी 'चालेल' असेच देईन. मात्र मे महिन्यात जाऊ नका आणि सहा मशीन एकदम नेऊ नका. धंदा गावात टिकेल की नाही हे फारसे मशीनवर अवलंबून नसते. धंद्याचा कोणता भाग न्यायचा, कोणत्या महिन्यात न्यायचा आणि मागे शहरात कोण राहणार, या तीन गोष्टींवर ते ठरते, आणि आम्ही या तिन्ही गोष्टी चुकवल्या होत्या.

तुमच्या प्रश्नात काही गोष्टी आलेल्या नाहीत आणि माझ्या उत्तराचा बराचसा भार त्यांच्यावर आहे. घरापर्यंत टेम्पो येतो, की पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून डोक्यावरून सामान न्यावे लागते? घर एकट्या तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, की चुलत्यांची आणि भावंडांची नावे सामाईक आहेत? दुकानदार माल पोचताच पैसे देतात, की दीड-दोन महिन्यांची उधारी असते? तुमच्या दोघांपैकी एकाला निदान पहिले वर्षभर महिन्यातले आठ-दहा दिवस डोंबिवलीत राहता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर माझा सल्ला बराच बदलेल. मग मी म्हणेन की थेट गिऱ्हाइकांचा धंदा आधी निम्म्यापर्यंत वाढवा आणि नंतरच गाव गाठा.

आधी महिन्यांविषयी सांगते, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. आपल्या धंद्यात गणपती ते दिवाळी हा कमाईचा काळ असतो. दुकानदाराला त्यासाठीचा माल ऑगस्टपासून हवा असतो, म्हणजे शिलाईचा खरा जोर जूनच्या अखेरीपासून सुरू होतो. कोकणात नेमकी तेव्हाच भाताची लावणी चालू असते. दापोलीला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैत वाडीतली एकही बाई मशीनवर बसायला मोकळी नसते आणि तिने मोकळे असावे अशी अपेक्षा करणेही चूक आहे, कारण वर्षाचा तांदूळ त्या तीन आठवड्यांत ठरतो. लावणी आटोपल्यावर गणपतीपर्यंत जो काळ मिळतो, तेवढाच काय तो आपल्या हाताशी असतो, आणि तोही दरवर्षी सारखा नसतो. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्यामुळे आम्हाला जेमतेम तीन आठवडे मिळाले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला येते, म्हणजे अठरा दिवस जास्त मिळतात. आमच्याकडे ऑर्डर घेण्यापूर्वी हे दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजले जाते. गणपती झाले की थोडे काम होते, तोवर ऑक्टोबरात भाताची कापणी उभी राहते.

मार्च आला की शिमगा आणि काजूच्या बिया, एप्रिल-मेमध्ये आंबा, आणि घरोघरी मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी. मग वर्षातले भरवशाचे महिने कोणते राहतात? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे. या साडेतीन महिन्यांत हवा कोरडी असते, वीज फारशी जात नाही आणि हात मोकळे असतात. ज्याचा माल टिकतो त्याने याच काळात पुढचा साठा शिवून ठेवायचा असतो. परकराची फॅशन बदलत नाही, म्हणून आम्ही दिवाळीचे निम्मे परकर आदल्या फेब्रुवारीत शिवून मोकळे होतो. तुमच्या कुंच्या, दुपटी आणि पांढरी झबली यांचेही तसेच आहे, फ्रॉकचे मात्र नाही. शिवाय तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नव्हती. संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळी झबली आणि काळे फ्रॉक लागतात, त्यांची तारीख इंग्रजी महिन्यात जवळजवळ पक्की असते आणि त्यांची शिलाई बरोबर नोव्हेंबर-डिसेंबरात येते. गावातल्या नव्या हातांना शिकवायला यापेक्षा सोयीचे काम मिळणार नाही, कारण काळ्यावर काळा धागा असल्याने टाका थोडा वाकडा पडला तरी चटकन डोळ्यांत भरत नाही.

आता आमची फजिती सांगते. मे महिन्यात ट्रकमधून आम्ही सुमारे चौदाशे मीटर पॉपलिन आणले आणि घरात जागा नाही म्हणून पडवीच्या माळ्यावर फळ्या टाकून त्यावर तागे रचले. वर कौले होती, प्लॅस्टिकही टाकले होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. जुलैच्या मध्यावर एक तागा उलगडला तेव्हा घडीच्या कडेने हिरवट-काळे ठिपके दिसले आणि कपड्याला ओल्या पोत्यासारखा वास येत होता. नव्या कोऱ्या कापडाला खळ असते आणि बुरशी त्या खळीवरच वाढते. वरून घातलेल्या प्लॅस्टिकने पाणी अडवले खरे, पण आतला दमटपणाही कोंडून ठेवला. एक तृतीयांश माल चिंधीच्या भावाने गेला, उरलेला धुऊन, वाळवून, इस्त्री करून वापरला. त्या पावसात कपडा वाळवणे म्हणजे काय, हे तुम्हाला सासूबाई सांगतील. ऑर्डर महिनाभर उशिरा पोचल्या आणि एका जुन्या दुकानदाराने आमच्याकडून माल घेणे थांबवले. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

त्याच पावसाळ्यात दुसरा धडा धाग्याने शिकवला. परकराला साडीच्या रंगाचा धागा लागतो, आणि आमच्याकडे साठ-पासष्ट रंगांचे परकर असत. एके दिवशी रामा रंगाची दोन रिळे संपली. ठाण्यात असते तर मुलाला खाली पाठवून दहा मिनिटांत आणली असती. इथे दापोलीच्या बाजारात मिळाली ती मोरपंखीकडे झुकणारी होती. चार बायका दिवसभर बसून राहिल्या, त्यांना दिवस भरून द्यावाच लागला, आणि रीळ तिसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या गाडीने आले. किंमत किती, तर काही रुपये.

या दोन अनुभवांतून आम्ही जी पद्धत बसवली ती तुम्हाला जशीच्या तशी उचलता येईल. कटिंग शहरातच ठेवायचे आणि गावात फक्त शिलाई न्यायची. कपडा मंगळदास मार्केटातून किंवा भिवंडी-इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून शहरातच येतो, कटिंगचे लांब टेबल तिथे आहे, मास्तर तिथे आहे. एका लेअरमध्ये साठ-सत्तर पदर एकावर एक असताना सुरी दोन सूत सरकली तर सगळा लॉट जातो, त्यामुळे हे काम नव्या जागी नव्या हातांत देऊ नये. कटिंग शहरात झाले की चिंध्या तिथेच राहतात, तागे साठवण्याचा प्रश्न मिटतो आणि गावात येते ते नेमके शिवण्याजोगे कापड. पंचवीस नगांचे एक पुडके करायचे आणि त्यातच त्या नगांना लागणारा धागा, बंद, पायपिंग, लेबल, टिच बटणे मोजून घालायची, वर साइझची चिठ्ठी. आमच्या घरात या पुडक्याला 'शिधा' म्हणतात, कारण सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या की हा तर भटजीला द्यायचा शिधा झाला, डाळ-तांदळाबरोबर मीठ-मिरचीसुद्धा. शिधा पूर्ण असल्याशिवाय पिशवी गाडीत चढत नाही, हा आमचा एकच कडक नियम आहे.

तुमचा माल या पद्धतीला आमच्यापेक्षा अधिक सोयीचा आहे. शंभर परकरांचे गाठोडे माणसाला वाकवते, तुमची शंभर झबली चार-पाच किलोंत बसतील. मुंबई-दापोली रात्रीच्या गाड्यांतून पार्सल येते-जाते, एसटीचीही सोय आहे, आणि रेल्वेने पाठवायचे झाले तर खेड स्टेशन आहेच. तरीही पुढची तारीख देताना वाटेतले दोन दिवस हिशेबात धरा आणि जुलैत चार धरा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा आमचा माल तयार होऊन आठवडाभर ओटीवर पडून होता.

टिच बटणांविषयी एक खास सूचना आहे. समुद्राकडच्या हवेत स्वस्त धातूची बटणे गंजतात आणि पांढऱ्या झबल्यावर तांबूस डाग उमटतो, जो धुऊन जात नाही. शक्य असेल तिथे बंदच ठेवा, नाहीतर बटणे लावण्याचे काम डोंबिवलीत परत आल्यावर करा. तशीच काळजी इस्त्रीच्या पाण्याची घ्यावी लागते. जांभ्या दगडाच्या भागात पाण्यात लोह असते, वाफेच्या इस्त्रीत ते पाणी घातले की पिवळसर थेंब पडतात. आमच्या गडद परकरांवर ते कधी दिसले नाहीत, पण गाऊनच्या पांढऱ्या कॉलरवर दिसले. तुम्ही साधी इस्त्री वापरा आणि पाणी शिंपडायचे तर पागोळीचे गाळलेले घ्या.

शिवायला कोण येणार, हा तुमच्या मनातला दुसरा प्रश्न असणारच. बायका येतात, आणि चांगल्या येतात, पण डोंबिवलीचे कारागीर सकाळी नऊला येऊन रात्री आठला जातात तसे इथे होत नाही. स्वयंपाक, गुरे, पाणी आटोपून बाई अकराला येते आणि साडेचारला उठते. पाच-साडेपाच तासांचा दिवस धरूनच हिशेब मांडा. नगावर दर ठरवताना मी स्वतः मशीनवर बसून एक नग घड्याळ लावून शिवते, त्या वेळेच्या दीडपट वेळ साधारण हाताला लागेल असे धरते, आणि पाच तासांत तिला शेतावरच्या मजुरीइतके पैसे मिळतील असा दर काढते. त्याहून कमी दिलेत तर ती काजूच्या हंगामात जी जाईल ती परत येणार नाही. मशीन चालवता येणे आणि विकण्याजोगे शिवता येणे यांत तीन महिन्यांचे अंतर असते. या तीन महिन्यांत उसवलेल्या मालाचा भुर्दंड तुमचा, हे आधीच मान्य करून ठेवा.

घरी मशीन नेऊन देऊ का, असे बायका विचारतात. परकरांसाठी आम्ही देतो. तुम्ही देऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन. आमच्या वाडीत गॅस सगळ्यांकडे आहे, पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच, आणि त्या घरात दोन दिवस राहिलेल्या कपड्याला धुराचा वास लागतो. परकर विकत घेताना कोणी नाकाला लावत नाही, झबले मात्र आजी पहिल्यांदा नाकालाच लावते. शिवाय लहान मुलांच्या कपड्यात सुईचे टोक राहणे हा अक्षम्य अपराध आहे. आम्ही एक वही ठेवली आहे. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून चिकटपट्टीने वहीत लावायचे, खाली तारीख आणि मशीनचा नंबर लिहायचा, आणि सगळे तुकडे सापडल्याशिवाय नवी सुई द्यायची नाही. एखादा तुकडा सापडला नाही तर ते पुडके बाजूला काढून लोहचुंबक फिरवायचा. हे एका छपराखाली शक्य आहे, सात घरांत विखुरलेल्या मशीनवर शक्य नाही.

विजेचे थोडक्यात सांगते. शिलाईच्या मशीनला सिंगल फेज पुरते, थ्री फेजच्या मागे लागू नका. घरगुती मीटरवर व्यवसाय कितपत चालतो आणि कधी वेगळा मीटर घ्यावा लागतो, हे महावितरणच्या उपविभागात आधी लेखी विचारून घ्या. तुमच्या मशीनला क्लच मोटर असेल तर ती सुई थांबलेली असतानाही गरगरत वीज खात असते, सर्वो मोटर पाय दाबल्यावरच वीज घेते आणि चांगल्या, शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर चालते. पण सर्वोचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दमट हवेत आणि व्होल्टेजच्या चढउतारात बिघडतो, आणि तो दुरुस्त करणारा माणूस वाडीत नसतो. म्हणून माझ्याकडे सहा सर्वो, दोन जुन्या क्लचच्या आणि दोन पायमशीन अशी सरमिसळ आहे. पायमशीन पाहून लोक हसतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, झाडे, खांब, कौले सगळे आडवे झाले आणि आमच्या वाडीत तीन आठवड्यांनी दिवे लागले. त्या तीन आठवड्यांत जेवढे म्हणून शिवून झाले, ते त्या दोन मशीनवर झाले. इस्त्री इन्व्हर्टरवर चालत नाही, तिचे काम वीज असेल तेव्हा, मग ते पहाटे पाचला का असेना.

पावसाळ्यात कापड किंवा तयार माल गावात ठेवण्याची वेळ आलीच, तर भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून हातभर उंच, लोखंडी घडवंचीवर ठेवा. लाकडी फळीला वाळवी लागते आणि ती मागून, भिंतीच्या आतून येते, समोरून दिसत नाही. माल प्लॅस्टिकमध्ये भरायचा तर कोरड्या दुपारी, इस्त्रीची ऊब पूर्ण निवल्यावर भरा. गरम कपडा पिशवीत घातला की आत दव धरतो. मशीन दिवसाआड तेलाच्या फडक्याने पुसा आणि सुया डब्यात तांदळाच्या चिमटीबरोबर ठेवा.

आता पैशांकडे येते. गावात गेल्यावर विक्री घटते असे लोक समजतात. आमची विक्री फारशी घटली नाही, वसुली घटली. दुकानदार वाईट नसतो, पण समोर येऊन बसलेल्या माणसाला तो आधी पैसे देतो, आणि फोनवर 'पुढच्या सोमवारी' म्हणणे सोपे असते. ठाण्यात असताना हे दर शनिवारी दुकानांची फेरी मारत आणि निम्मे पैसे त्या फेरीत सुटत. पहिल्या वर्षी आम्ही फेरी बंद केली आणि उधारी दुपटीच्या जवळ गेली. म्हणून मी तुमच्यापैकी एकाने महिन्यातले आठ-दहा दिवस डोंबिवलीत राहावे म्हणते. त्या दिवसांत कटिंग करून घ्यायचे, शिधा बांधायचा, बटणे आणि पॅकिंग पाहायचे आणि दुकाने फिरायची. पूर्ण गाळा ठेवणे परवडत नसेल तर ओळखीच्या मास्तराच्या टेबलावर जॉबवर्कने कटिंग करून घ्या आणि नातेवाइकाकडे एक कपाट मागून घ्या. थेट गिऱ्हाइकांचा माल मात्र गावातल्या पोस्टातूनही व्यवस्थित जातो. खाजगी कुरिअर कंपन्या आपल्या पिनकोडला येतो म्हणतात आणि पार्सल दापोलीत येऊन घेऊन जा म्हणून फोन करतात.

कागदपत्रांचे काम तुलनेने सरळ आहे. जीएसटी नोंदणी असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाताना नंबर बदलत नाही. मुख्य पत्ता बदलल्यास १५ दिवसांच्या आत नोंदणीत दुरुस्ती करायची असते. पण माझे मत असे की पहिले वर्ष डोंबिवली हाच मुख्य पत्ता राहू द्या आणि गावचे घर अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून जोडा, म्हणजे कट केलेला माल तुमच्याच दोन जागांमध्ये डिलिव्हरी चलनावर नेता-आणता येतो. गाळाच सोडणार असाल तर मात्र तो पत्ता ठेवता येणार नाही. उद्यम नोंदणीतही (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नवी जागा जोडा. कोणी सांगेल की गावात उद्योग काढला की पीएमईजीपीचे, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचे, अनुदान मिळते. ते नव्या उद्योगाला असते, जागा बदललेल्या जुन्या धंद्याला नसते, तेव्हा त्या आशेवर बजेट मांडू नका. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेऊन ठेवा. आणि घर सामाईक असेल तर, शेड तर सोडाच, पडवीला एक भिंत घालण्यापूर्वीसुद्धा घरपत्रकावर आणि सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांशी बोला. शक्य असल्यास दोन ओळी लेखी घ्या. मशीनचा आवाज, येणाऱ्याजाणाऱ्या बायका आणि दारात थांबणारा टेम्पो यांनी भाऊबंदकीला तोंड फुटलेले मी पाहिले आहे, आणि ती शिलाईच्या दोऱ्यासारखी एका बाजूने ओढून सुटत नाही.

शेतीविषयी मी तज्ज्ञ नाही, पण हिशेब सांगू शकते. काजूची कलमे तिसऱ्या वर्षी थोडे बी दाखवतात, घरखर्चाला हातभार लागावा असे उत्पन्न पाच-सहा वर्षांनी येते, आंब्याला त्याहून वेळ लागतो. तोवर खड्डे, कलमे, कुंपण, पाणी हे सगळे शिलाईच्या पैशांतून होणार. म्हणजे गावी गेल्यावर पहिली काही वर्षे धंदा पूर्वीपेक्षा जास्त चालला पाहिजे, कमी नव्हे. 'आता निवांत थोडेसे शिवू' हा विचार ज्यांनी केला ते आमच्या पाहण्यातले दोघे परत शहरात गेले. कलमे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिथे विचारा, आणि लावताना शिलाईच्या मोसमाचा नाही, पावसाचा विचार करा. भाजीपाला कराल तो निम्मा माकडांचा आणि रानडुकरांचा धरून चाला. गाय तिसऱ्या वर्षी. ती सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा एक माणूस बांधून ठेवते, आणि तुमच्यातला एक जण तर महिन्याचे आठ-दहा दिवस डोंबिवलीत असणार आहे.

हे सगळे तुमच्या बाबतीत कसे बसते ते क्रमाने लिहिते. मे महिन्यात मुलाला घेऊन सुट्टीला जा, घराची कौले परतवून घ्या, वायरिंग पाहून घ्या, वाडीत कोणाला शिवता येते ते ओळखून ठेवा, पण मशीन नेऊ नका. पावसाळा आणि दिवाळीचा माल डोंबिवलीतच काढा, कारण त्या कमाईवरच पुढचे वर्ष उभे राहणार आहे. मुलाची शाळा जूनलाच बदलायची असेल, तर तुमच्यापैकी एकाने त्याच्यासोबत गावी राहावे आणि धंदा दिवाळीपर्यंत जागचा हलवू नये. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्यानंतरच्या आठवड्यात सहांपैकी दोन मशीन, त्यांशिवाय कापडाच्या कडा बांधणारे एक ओव्हरलॉक आणि संक्रांतीच्या काळ्या झबल्यांचे दहा शिधे घेऊन जा. दहा शिध्यांत किती नग उसवावे लागले, माल किती दिवसांत परत पोचला आणि किती पैसे जानेवारीअखेर हातात आले, हे वहीत लिहा. ते आकडे बरे असतील तर फेब्रुवारीत आणखी दोन मशीन न्या. उरलेली दोन पहिल्या पावसाळ्यापुरती डोंबिवलीत असू द्या, जुलैमध्ये तीच तुमची दुकाने सांभाळतील.

मे महिन्यात जाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून चुलत सासऱ्यांना विचारून घ्या, ती म्हणजे गणपती घरात नेमका कुठे बसतो आणि त्या दिवसांत किती माणसे तिथे निजतात. आमचा माजघरात बसतो. पहिल्या वर्षी आम्ही कोरडी जागा म्हणून दहाही मशीन तिथेच ठोकून बसवली होती आणि हरतालिकेच्या आदल्या रात्री, मुंबईची बावीस माणसे ओटीवर चहा पीत असताना, ती एकेक करून उचलून गोठ्यात नेली.